ठरलेल्या वेळेचा खोकला

आई : खोकून दाखव.

मुलगा : काय?

आई : खोक म्हणते ना. एवढा जिना चढून आले ती तुझा खोकला ऐकायला.

मुलगा : आधी बस तू. थांब, खुर्चीवरच्या वायरी उचलतो. गुडघे धड नाहीत तुझे, बसनं एकटी आलीस? कळवायचं तरी.

आई : कळवलं असतं तर येऊ नकोस म्हणाला असतास. हे औषध घे. डॉक्टरांना विचारून आणलंय. चमचा आण.

मुलगा : मला खोकला नाहीये, आई.

आई : नाही कसा? रोज संध्याकाळी फोनवर खोकतोस. 'जेवलीस का' विचारतोस आणि लगेच खोकतोस. उन्हाळा गेला, थंडी आली, तुझा खोकला हटायचं नाव घेईना. तुझ्या बाबांचंही असंच सुरू झालं होतं. तेव्हा मी मनावर घेतलं नाही.

मुलगा : अगं, तो जुना खोकला आहे. उन्हाळ्यात सर्दी झाली होती ना मला, तेव्हा रेकॉर्ड झाला.

आई : खोकला रेकॉर्ड केलास?

मुलगा : आवाज केला. खोकला मध्ये आला चुकून. पुन्हा रेकॉर्ड करायचा कंटाळा केला.

आई : नीट सांग. दमलेय मी, कोडी घालू नकोस.

मुलगा : आमच्या कंपनीचं काम माहीत आहे ना तुला? दवाखान्याची आठवण, कुरियरचा निरोप, असे फोन आणि मेसेज लोकांना जातात. ते कोणी बसून करत नाही. त्यासाठी कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड असतो, लायब्ररी म्हणतात त्याला. आपण नंबर द्यायचा, वेळ द्यायची, काय बोलायचं ते द्यायचं. चार ओळींचं काम. पुढचं सगळं तो करतो.

आई : आणि त्यात माझा नंबर घातलास.

मुलगा : हो.

आई : म्हणजे रोज फोन करतो तो तू नाहीस.

मुलगा : आवाज माझाच आहे. अगं, एकदा ऑफिसात अडकलो, फोन राहिला, तर तू ताट झाकून ठेवलंस आणि उपाशी झोपलीस. ताईनं मला केवढं फैलावर घेतलं. म्हटलं, निदान फोन तरी चुकायला नको. आठवडाभरापुरतंच लिहिलं होतं. मग काम वाढत गेलं. दिवसभर हेच करून संध्याकाळी फोन हातात धरवत नाही गं. तू काही बोलली नाहीस, मला वाटलं चाललंय ठीक.

आई : मी म्हणायचे, पोरगा थकलाय. तेच तेच बोलतो, आणि माझं संपायच्या आत ठेवतो.

मुलगा : मध्ये थोडी जागा सोडलीय. तू बोलावंस म्हणून.

आई : ती कळली होती मला. दुपारीच ठरवून ठेवायचे, आज काय सांगायचं, तेवढ्यात मावेल असं. शेजारच्या काकूंचं मात्र काही केल्या मावेना. मग तुकडे करून सांगितलं. एक दिवस त्यांचं आजारपण, दुसऱ्या दिवशी त्या गेल्या ते.

मुलगा : काकू गेल्या? आपल्या काकू? शाळेतून आलो की ज्यांच्याकडे बसायचो, त्या?

आई : तुला सांगितलं म्हणते ना. 'बरं' म्हणालास.

मुलगा : आई...

आई : मला वाटलं, तुला बोलवत नसेल. म्हणून पुन्हा विषय काढला नाही. सकाळचा मेसेजही तोच करतो?

मुलगा : तोच.

आई : त्याला उत्तर लिहायचे मी. चष्मा शोधून, एकेक अक्षर.

मुलगा : पाठवायचं तेवढं लिहिलं होतं मी. आलेलं वाचायचं राहून गेलं. रागव ना, आई.

आई : रागवायला त्राण कुठंय? गुडघे आंबून गेलेत. खोकला नाही ना तुला? मग सुटले. जीव टांगणीला लागला होता माझा. पण वाईट वाटलं रे. फार वाईट वाटलं.

(आईच्या पिशवीतला फोन वाजतो.)

मुलगा : तो... माझाच आहे. थांब, बंद करतो.

आई : राहू दे. रोज उचलते, आजही उचलते. स्पीकर लावते, ऐक तूही.

फोनमधला आवाज : आई, मी बोलतोय. जेवलीस का? खुं... खुं...

आई : नाही रे, अजून नाही.

फोनमधला आवाज : बरं. गोळी घेतलीस ना?

आई : घेईन. आज जास्त बोलत नाही हं. मुलगा बसलाय माझा समोर.

फोनमधला आवाज : बरं बरं. ठेवतो.

आई : ठेव. बघ, आज पहिल्यांदाच माझं आधी संपलं.

मुलगा : काकूंना काय झालं होतं? पहिल्यापासून सांग.

आई : पाणी दे आधी. सावकाश सांगते.