साडूंनी डायरेक्ट केलेली मोटार

आमचे कोथरूडचे साडू भेटलेत का तुम्हाला? नसतील, तर सुखी आहात. हौस म्हणून त्यांनी लाकूड कापायचं मशीन आणलं. फळी जोरात रेटली की लोड येऊन त्याचा स्विच पडायचा आणि मोटार वाचायची.

म्हटलं, "अहो, जरा हळू सरकवा."

"मशीनने मला शिकवायचं नाही!" म्हणत त्यांनी स्विच काढून वायर डायरेक्ट जोडली. पुढच्याच फळीत पातं अडकलं, मोटार जागच्या जागी गुरगुरली आणि धूर निघाला.

"बघा, काय भिकार माल विकतात!" म्हणत ते दुकानदाराशी भांडायला निघाले. हेल्मेट स्कूटरच्या हँडलला लटकत होतं.

"अहो, ते डोक्यावर घाला की."

"छे, डोकं तापतं."

मनात म्हटलं, तापलं तरी आत जळण्यासारखं आहेच काय!