एक वाजला की माघारी

घड्याळजी : ...आणि ही काच कडेपेक्षा खाली बसवलेली आहे. बोट फिरवून बघा. खडकाला घासलं तर आधी धातू घासेल, काच नाही.

ती : ते बरं आहे. पण थंडीत?

घड्याळजी : वजा वीसपर्यंत चालेल असं कंपनी लिहिते.

ती : कंपनी लिहिते. तुम्ही काय म्हणता?

घड्याळजी : मी वजा वीसमध्ये कधी गेलो नाही, ताई. मला फ्रिज उघडला तरी शिंका येतात. पण घड्याळ मनगटावर असलं, वर बाही असली, तर त्याला माणसाची ऊब मिळत राहते.

ती : तरी बंद पडलं ना. म्हणून तर आलेय. माझ्या नवऱ्याचं जुनं घड्याळ चार महिन्यांपूर्वी बर्फात बंद पडलं. तो डोंगर चढतो. छंद म्हणून, नोकरी वेगळी आहे.

घड्याळजी : आणि तुम्ही?

ती : मी खाली बसून काळजी करते. तोही छंदच म्हणा.

घड्याळजी : मग त्यांनाच आणायचं होतं. पट्टा मनगट बघून बसवावा लागतो.

ती : आलाय. आमची मुलगी दारातच रडायला लागली, आठ महिन्यांची आहे. तिला घेऊन बाहेर फेऱ्या मारतोय. काका, तो आत यायच्या आधी मला हे दाखवायचंय.

घड्याळजी : हे जुनं?

ती : हो. तो म्हणत होता, भंगारात टाक. मी त्याच्या खणातून काढून आणलंय, त्याला माहीत नाही. हे नेमकं कशानं बंद पडलं ते उघडून बघा. म्हणजे तेच दुखणं नव्यात आहे का, ते मला विचारता येईल.

घड्याळजी : चालू आहे की हे.

ती : ऊब लागल्यावर आपोआप चालू झालं, असं म्हणाला.

घड्याळजी : होतं तसं. गारठ्यात सेल मान टाकतो, ऊब लागली की उठून बसतो. द्या इकडे. तुम्ही बसा.

ती : उभीच बरी आहे. इथून काचेतून दोघं दिसतात.

घड्याळजी : किती वेळ बंद होतं?

ती : दोन-अडीच तास. त्यांचं ठरलेलं होतं, एक वाजला की जिथे असू तिथून माघारी फिरायचं. शिखर हाताला लागत असलं तरी. मुलगी झाल्यावर मीच तसं कबूल करून घेतलं होतं. तेवढ्या एका गोष्टीवर मी त्याला जाऊ दिलं. आणि नेमकं घड्याळ बंद पडलं. एक वाजलेला कळलाच नाही. उतरताना अंधारात सापडले, रात्र बर्फात काढली. हा धड आला. याच्या दोस्ताच्या डाव्या पायाची तीन बोटं काढावी लागली.

घड्याळजी : अरेरे.

ती : फार उंच आहेत ते. सगळे त्यांना जिराफ म्हणतात. नात्याचे नाहीत, पण मी त्यांना भाऊजीच म्हणते. आता काठी घेऊन चालतात, आणि वर आम्हालाच हसवतात. मोजे घ्यायला गेले तर दुकानदाराला म्हणाले, डाव्याचे पैसे कमी करा.

घड्याळजी : हं.

ती : पुढच्या महिन्यात हा परत जातोय. त्याच डोंगरावर. या खेपेला भाऊजींची धाकटी बहीण बरोबर आहे. त्यांच्या आईचा जीव धजत नव्हता. भाऊजींनीच समजूत घातली, चूक माणसाची नव्हती, घड्याळाची होती, चांगलं घड्याळ घेऊ. म्हणून निवडायचं काम मी अंगावर घेतलं. महिनाभर वाचतेय. एका हातात बाळ, एका हातात फोन. आवाजाचा गजर वाऱ्यात ऐकू येत नाही, मनगटाला थरथर जाणवणारा हवा. हातमोज्यांनी दाबता येतील अशी बटणं हवीत. पट्टा जाकिटाच्या बाहीवरून बांधता येईल एवढा लांब...

घड्याळजी : ताई, हे मध्ये कुणी उघडलं होतं का? दुसऱ्या एखाद्या दुकानात?

ती : नाही. का?

घड्याळजी : मग सेल माझाच. मी झाकणाच्या आत सुईनं तारीख खरडून ठेवतो. ही बघा. दीड वर्ष झालं.

ती : म्हणजे सेल उतरला होता.

घड्याळजी : मोजला आत्ता. भरलेला आहे. अजून दोन वर्षं बघायला नको.

ती : मग आत ओल गेली असेल.

घड्याळजी : रबराची रिंग कोरडी आहे. काचेला आतून वाफेचा डागही नाही.

ती : काहीतरी असेलच ना, काका. बंद पडलं होतं ते.

घड्याळजी : तुमच्या फोनमध्ये किती वाजलेत?

ती : अकरा बावीस.

घड्याळजी : आणि यात?

ती : अकरा बावीस.

घड्याळजी : अडीच तास बंद राहून परत चालू झालं, तर अडीच तास मागे हवं.

ती : मग त्यानं घरी येऊन लावलं असेल. कुणीही लावेल.

घड्याळजी : लावायचं तर ही बाजूची चावी आधी फिरवून सैल करायची, मग बाहेर ओढायची. फिरवा बघू.

ती : फिरत नाही.

घड्याळजी : जोर लावा.

ती : नाही फिरत.

घड्याळजी : घाम, धूळ आणि ते उन्हाचं पांढरं क्रीम. आट्यांत सुकून दगड झालंय. हा चार महिन्यांचा मळ नाही. दीड वर्षापूर्वी मी वेळ लावून ती आवळली, त्यानंतर कुणी हात लावलेला नाही.

ती : म्हणजे काय?

घड्याळजी : मी फक्त घड्याळाचं सांगू शकतो. घड्याळ बंद पडलं नव्हतं.

ती : तुमची चूक होत असेल.

घड्याळजी : होते कधी कधी. चावीत नाही होत.

ती : तो येतोय. झाकण लावा.

घड्याळजी : लावतो. मी काही बोलणार नाही, ताई.

ती : नको. राहू द्या. उघडंच राहू द्या.

(दार ढकलून नवरा आत येतो. खांद्यावर मुलगी झोपलेली.)

नवरा : झोपली एकदाची. सतरा फेऱ्या झाल्या. समोरचा चपलावाला आता माझ्याकडे बघून मान हलवतो. निवडलंस का? ...हे इथे कसं आलं?

ती : मी आणलं. कशानं बिघडलं ते बघायला.

नवरा : कशाला उगाच काकांना ताप. मेलेलं घड्याळ ते.

ती : तिला माझ्याकडे दे.

नवरा : उठेल.

ती : दे. ...आता ती चावी फिरव.

नवरा : कसली चावी?

ती : घड्याळाची. घरी आल्यावर वेळ लावली असशील ना. कशी लावलीस, दाखव.

नवरा : लावली असेल. लक्षात नाही. काका, काय सांगितलंत हिला?

घड्याळजी : सेल भरलेला आहे, वेळ बरोबर आहे, चावी अडकलेली आहे. एवढंच.

नवरा : थंडीत घड्याळं बंद पडतात.

घड्याळजी : पडतात.

नवरा : मग?

घड्याळजी : हे पडलं नाही.

नवरा : आपण घरी जाऊन बोलू.

ती : घरी नाही. घरी तू भांडी घासशील, कपड्यांच्या घड्या घालशील, तिला आंघोळ घालशील. इतका चांगला वागशील की मला विचारताच येणार नाही. चार महिने हेच चाललंय. मला वाटत होतं, घाबरलाय बिचारा.

नवरा : घाबरलोच होतो.

ती : एक वाजलेला तुला कळला होता?

नवरा : हळू बोल, ती उठेल.

ती : मी हळूच बोलतेय. कळला होता?

नवरा : हो.

ती : हो.

नवरा : शिखर समोर होतं. आपल्या गच्चीवरून पलीकडच्या इमारतीची टाकी दिसते ना, तेवढं. फार तर चाळीस मिनिटं. सहा वर्षं त्या डोंगराच्या मागे होतो मी. म्हटलं, आता घरी बाळ आहे, परत यायला मिळेल न मिळेल.

ती : म्हणजे आमच्यापायी.

नवरा : तसं नाही म्हणालो मी.

ती : हॉस्पिटलात भाऊजींच्या पायाशी बसून तू सगळ्यांना घड्याळाचं सांगितलंस. मी शेजारी होते. मी त्या घड्याळाला शिव्या दिल्या. तू ऐकत होतास.

नवरा : तोच म्हणाला आधी. शुद्धीवर आल्या आल्या म्हणाला, घड्याळ बंद पडलं असणार रे तुझं. मी फक्त हो म्हणालो.

ती : फक्त.

घड्याळजी : मी आतून पाणी आणतो.

नवरा : थांबा काका. पाणी नको.

ती : काल भाऊजींची आई मला विचारत होती, पोरीला हातमोजे दोन जोड पुरतील का. बॅग भरतायत त्या. मी म्हणाले, काकू, निश्चिंत राहा, घड्याळ मी स्वतः बघून घेतेय. मी म्हणाले हे.

नवरा : या वेळी नाही होणार तसं. खरंच. त्याच्या बहिणीला घेऊन जाताना मी असं करेन का?

ती : भाऊजींना घेऊन जाताना केलंस. ते तर तुझे लहानपणापासूनचे. आणि त्यांना कसं कळलं नाही? त्यांना डोळे नव्हते?

नवरा : त्याचा फोन गारठून बंद झाला होता. घड्याळ माझं एकट्याचं, तेही तीन बाह्यांच्या आत. तो विचारायचा, मी बाही सारून सांगायचो.

ती : मग तेव्हा नाही विचारलं त्यांनी?

नवरा : तिचं टोपडं नीट कर, डोळ्यांवर आलंय.

ती : विचारलं का नाही?

नवरा : विचारलं.

ती : तू काय सांगितलंस?

नवरा : ते आधी त्याला सांगेन.

ती : मी तुझ्यासमोर उभी आहे.

नवरा : दिसतेयस. पण बोटं त्याची गेली.

ती : कधी सांगणार?

नवरा : सांगतो ना.

ती : काका, ते नवं, थरथरणारं घड्याळ परत कपाटात ठेवा. ते एक वाजला की मनगटाला कळवेल, त्यात काही वाद नाही. माझं काम मनगटाशी नव्हतंच, हे मला आत्ता कळतंय.

घड्याळजी : ठेवतो.

ती : आणि तू घरी चल. संध्याकाळी मी त्या काकूंकडे जाणार. तू सांगितलं असशील तर नुसती बसून येईन. नाहीतर मी सांगेन, मला जेवढं माहीत आहे तेवढं.

नवरा : ती लोकं तोंड बघणार नाहीत माझं.

ती : नाही बघणार कदाचित.

नवरा : तुला चालेल ते?

ती : मला काय चालेल ते राहू दे. पोरगी बावीस वर्षांची आहे. तिला वर गेल्यावर कुणाला तरी वेळ विचारावी लागेल.

नवरा : ...तुझा फोन दे.

ती : आत्ता?

नवरा : माझा गाडीत राहिलाय. तिथपर्यंत गेलो तर मी गाडीच सुरू करेन.

ती : हा घे. मी बाहेर जाऊन थांबते.

नवरा : नको. थांब इथेच. ...हॅलो. नाही, मी बोलतोय, तिच्या फोनवरून. ...नाही, अजून नाही घेतलं. ...अरे ऐक. ऐक ना. घड्याळ बंद पडलं नव्हतं. ...मस्करी नाही करत. शेवटच्या चढाच्या खाली तू बूट घट्ट करायला वाकलास आणि मला वेळ विचारलीस, आठवतं? ...हो, सव्वाबारा म्हणालो. ...सव्वा वाजला होता. मी बघून सांगितलं होतं तुला. नीट बघून.

ती : ...काय म्हणाले?

नवरा : काही नाही. अजून फोनवरच आहे.