पांजण निघाली व्हो

माहेर माझं उमरेडचं. बाप मागावर बसे, माय सुताच्या कांड्या भरे, घरात दिवसभर खटखट चाले, अन् लग्न होऊन नागपुरात आली तर इथंही तेच, काहून की पूर्ण गल्लीच विणकरांची होती. त्या खटखटीनं मले सासरी पहिल्या दिवशीच झोप लागली, सासू म्हणे, सून आणली का पाहुणी आणली वं.

पांजण तुम्हाले माहीत नसन ताई, आता कोणालेच माहीत नाही. सुताले भाताची खळ लावाची अन् मंग पूर्ण ताणा, म्हणजे उभं सूत, गल्लीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, उन्हात ताणून मोठ्या कुंच्यानं वाळवाचा, धाग्याले धागा चिकटला नाही पाह्यजे. एका घरच्यानं ते होतच नाही. म्हणून ज्याची पांजण निघे तो सकाळी ओरडे, पांजण निघाली व्हो! की सारे खाटा उचलत, बकऱ्या बांधत, अन् हात लावाले येत. भांडण असो का काही असो. सासू म्हणे, अबोला घरात ठेवाचा, पांजण उन्हात हाय.

मंग माग बंद पडले. एकेक करून पडले. माह्या नवऱ्यानं इतवारीत कपड्याच्या गाठी ओढाले हातठेला धरला, मी कळमन्याच्या बाजारात मिरची खुडाले जाऊ लागली, देठ काढून काढून हाताची अशी आग होते की काय सांगू तुम्हाले, लेकराच्या तोंडाले हात लावाची सोय नाही. अन् गल्लीत कोणाची पांजणच निघेना, तर गल्ली मोकळी कोणासाठी ठेवाची? एकानं ओटा पुढं घेतला, दुसऱ्यानं मोरी घेतली, तिसऱ्यानं म्हटलं मीच काय पाप केलं. साऱ्यात पुढं ओटा आमच्या सासऱ्यानं बांधला, तो वाटणीत भासऱ्याले गेला, म्हणजे माह्या नवऱ्याच्या मोठ्या भावाले.

घर दोघा भावाईत वाटलं तवा त्याईच्यात जे बोलणं बंद झालं ते झालंच. अन् माही तर गोष्टच सोडा. आमच्यात भासऱ्याशी बोलत नाहीत. डोक्यावर पदर, अन् ते आले की दाराआड. लग्न झाल्यापासून मी त्याईच्याशी एक शब्द बोलली नव्हती. लयच गरज पडली तर भिंतीले सांगाचं, ए भिंती, दूध उतू जाऊन राहिलं व्हो, अन् त्याईनं पलीकडून ऐकाचं. हसता काय ताई, खरं सांगून राहिली.

सासू गेली तवाची गोष्ट विसरत नाही मी. तिरडी गल्लीतून निघेना. भासऱ्याच्याच ओट्याजवळ अडली. मंग चौघाईनं ती तिरपी केली, माय एका बाजूले घसरून राहिली, अन् भासरे रडत म्हणत होते, सांभाळून गा, माय हाय माही. ते पाहून मले राग नाही आला त्याईचा, कीव आली. पण ओटा राहिलाच.

अशात वस्तीचा सर्व्हे आला, घरं आमची पण जागा नावावर नाही म्हणून. साहेब लोक फीत घेऊन आले, अन् संगं संस्थेची एक पोरगी येई, पूर्वा तिचं नाव, मोठी गोड पोरगी. थैलीत भाजी आणावी तसे शब्द आणे ती. पुनर्वसन, नियमितीकरण, लोकसहभाग. मी म्हटलं, पोरी, हे जेवणाच्या आधी घ्याचं का नंतर? ती हसली अन् तिनं ओट्यावर बसून समजावून सांगितलं. काकू, पुनर्वसन म्हणजे तुम्हाला इथून उचलून शहराबाहेरच्या बिल्डिंगीत नेणं. नियमितीकरण म्हणजे इथंच राहणं, जागेचा पट्टा तुमच्या नावावर. पण त्यासाठी गल्ली मोकळी पाहिजे, सांडपाण्याची गडर लाइन टाकता आली पाहिजे, अ‍ॅम्ब्युलन्स आत आली पाहिजे. अन् लोकसहभाग म्हणजे साऱ्यांनी आपापला ओटा मागं घेणं. म्हटलं, घ्या, फिरूनफारून आलं आमच्यावरच.

शहराबाहेर गेलो असतो तर माहं कळमन्याचं काम सुटलं असतं. नवऱ्याचे गुडघे ठेला ओढून ओढून गेलेले, तो चौथा माळा कसा चढणार होता? मले रात्रंदिवस तेच. अन् गल्लीवाले म्हणत, आम्ही तयार हाओत, आधी त्याचा तुटू दे. त्याचा म्हणजे भासऱ्याचा. त्याईले सांगाले पूर्वा गेली, साहेब गेले, जवान पोरं तर तावातावानं गेले. भासऱ्याचं एकच, माह्या बापानं बांधला, माह्या जीवात जीव हाय तवर हात लावू देत नाही. मंग सारे माह्यापाशी, तुमचेच भासरे, तुम्ही सांगा न. आता मी कशी सांगू? भिंतीले सांगून ओटा तुटते का?

शेवटी म्हटलं, नशीब. बांधाबांध सुरू केली. माळ्यावरून भांडे काढून राहिली होती, तर लुगड्यात गुंडाळलेलं एक गाठोडं निघालं. सासऱ्याचा शेवटचा ताणा! मागावर चढलाच नव्हता तो. सारा गुंता झालेला. घरात उकलाले जागा नाही, म्हणून नवऱ्याले एक टोक देलं अन् म्हटलं, चाला बाहेर. गल्लीत पाय ठेवला अन् माह्या तोंडातून निघून गेलं, मस्करीनंच निघालं, पांजण निघाली व्हो!

काय सांगू ताई. म्हातारे म्हातारे घरातून बाहेर आले. कोणी खाट उचलली, कोणी गाडी बाजूले घेतली. अन् आमचे भासरे, हातात जुना कुंचा घेऊन. ठेवला होता त्याईनं! खळ नाही काही नाही, तरी त्याईनं कुंचा फिरवाले सुरुवात केली. सूत जुनं, तुटे, ते थांबत, बोटानं पीळ देऊन जोडत, पुढं जात. पलीकडचं टोक माह्या नवऱ्याच्या हातात. चालता चालता त्याईच्याच ओट्यापाशी आले तर ताणा तिथं वाकडा झाला. त्याईनं वर करून पाहिला, खालून पाहिला. निघेना. मले रडू येऊन राहिलं होतं.

त्याईनं कोणाकडे पाहिलं नाही. आपल्या भावाले म्हणाले, कित्येक वर्सांनी म्हणाले, सब्बल आन गा.

ओट्यावर पहारीचा पहिला घाव त्याईचाच. मंग सांजेपर्यंत गल्लीत नुसती धूळ अन् चहा.

आता पट्टा झाला, त्याच्यावर नवऱ्याच्या संगं माहंही नाव हाय. पूर्वाचे उपकार, गल्लीचे उपकार, अन् त्याईचे तर मी कसे फेडू? सोबतच जेवतात आता भाऊ भाऊ. परवा शेवटच्या घरच्या पोरीले कळा आल्या, तर अ‍ॅम्ब्युलन्स सरळ दारापर्यंत आली. भासरे ओट्याच्या जागी खुर्ची टाकून बसले होते, ते पाहतच राहिले. मी दाराआड उभी, पदर डोक्यावर. त्याईनं मान वळवली, अन् भिंतीले नाही, मले म्हणाले, सिंधूबाई, आता मले मायसारखं तिरपं करा लागत नाही वं.

मीही दाराआडून बाहेर आली. म्हटलं, नाही करा लागत, पण तुम्हाले घाई काहून हाय? आधी चहा घ्या.