फ्रिजवर लावलेला आराखडा

नाही हो भाऊ, पत्ता चुकलेला नाही तुमचा – हेच घर, हेच कपाट, जाहिरात आमच्या ह्यांनीच दिली – पण द्यायचं की नाही हे माझं अजून ठरत नाहीये, तेव्हा तो टेप ठेवा खाली आणि बसा जरा. तिथे नको, तिथे माझे कागद आहेत. कादंबरी. पहिल्या तीन प्रकरणांचीच तीनशे बारा पानं. जास्त झाली? झाली खरी. अकरा वर्षं ह्याच कपाटात, खालच्या कप्प्यात, जुन्या पडद्यांखाली पडून होती. का म्हणजे? अडली. तिसऱ्याच्या शेवटी सगळी माणसं एका खोलीत येऊन बसली ती कोणी उठेचना. मी उठवायला जावं तर मधेच कोणाला चहा हवा – कादंबरीतल्या नव्हे, घरातल्या – कोणाचा चष्मा सापडत नाही. शेवटी दोरी बांधून ठेवून दिली.

या वर्षी म्हटलं, आता आराखडा करून लिहायची. घर बांधताना नकाशा काढतात की नाही, तसं. एक कागद घेतला, चार ते बारा आकडे घातले, प्रत्येकापुढे एक ओळ – कोण काय करतं, संपलं. वर नाव नाही, प्रकरण हा शब्द नाही, कशाला हवा, मला कळतंय ना. आणि भाजी चिरताना डोळ्यासमोर राहावा म्हणून लावला फ्रिजवर. तिथेच माती खाल्ली. आमच्याकडे फ्रिजवरचा कागद म्हणजे हुकूम. अठरा वर्षांपूर्वी सासऱ्यांचं आणि ह्यांचं पंख्याच्या वेगावरून वाजलं, बोलणं बंद झालं, तेव्हापासून घरातलं काम तिथे लिहायचं, ज्याचं त्यानं करायचं, झालं की लाल पेनानं खूण. का, कशासाठी – विचारायचं नाही. भांडण पुढे मिटलं, पण विचारायची सवय गेली ती गेलीच. एक ते तीन कुठे गेले, हेसुद्धा कोणी विचारलं नाही.

चौथी ओळ होती, ‘सासरे लेकीकडे राहायला जातात.’ दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बॅग घेऊन दारात, भर उन्हाळ्यात स्वेटर घालून. मला वाटलं, आली असेल लेकीची आठवण. पाचवी, ‘तो नोकरी सोडतो.’ ह्यांनी एकवीस वर्षांची नोकरी सोडली, भाऊ, जेवणाच्या सुट्टीत. घरी आले, खूण केली आणि डबा इथे बसून संपवला. तेव्हा आलं माझ्या लक्षात.

हो, तेव्हाच आलं. असं काय बघताय? काढणारच होते मी कागद, चुंबकाला हातही लावला होता. पण बाबा नव्हते, घर कसं शांत होतं – आणि अकरा वर्षं हलत नव्हतं ते चौथं प्रकरण दोन दिवसांत लिहून झालं होतं. म्हटलं, पाचवं होऊ दे. मग सहावं. सातवी ओळ – ‘नणंद फोन करायचं थांबवते’ – खोटं कशाला बोलू, ती मी मागाहून, जुनी खोडून, घुसडली. कादंबरीत नणंदच नाहीये.

आता बारावी. ‘ती घर सोडून जाते.’ ती मात्र पहिल्यापासून होती. आणि मी रोज वाट बघत होते, की बाकी सगळं जाऊ दे, त्या ओळीपाशी तरी हा माणूस थांबेल, एकदा विचारेल – का? एवढंच हवं होतं मला. काल जेवताना मुद्दाम विषय काढला. कागद शेवटपर्यंत वाचलात का? हो म्हणाले. मग? तर म्हणे, कामं नीट लिहितेस तू, गोंधळ होत नाही. पाणी प्यायले नि उठले.

आज सकाळी बघते तर बारावीपुढे लाल खूण. अकरावी कपाटाची, म्हणजे तुमची, ती कोरी – आणि बारावीला खूण. चुकून झाली असेल? छे. नळाचा वायसर बदलला तरी तासभर गळतोय का बघत बसतात, मग खूण करतात. काम झाल्याशिवाय ह्यांचं पेन उघडत नाही. आणि मी ओट्यापाशी उभी, हाताला साबण, कुठेही गेलेली नाही. म्हटलं, अहो, मी इथेच आहे की. तर – चिडून नाही हो, अगदी साधेपणानं – म्हणाले, “तुला जाऊन बरीच वर्षं झाली. खूण तेवढी राहिली होती.”

आणि पिशवी घेऊन भाजी आणायला गेले. मला रडू यायला हवं होतं ना? आलं, नंतर आलं. आधी मी पेन शोधलं. कारण इतकं चांगलं वाक्य, भाऊ, मला तीनशे बारा पानांत एकदाही सुचलेलं नाही, आणि ते विसरायच्या आत – हे बघा, हे, इथे, साबणाचा डाग पडलाय तिथे. हेच शेवटचं वाक्य. संपली कादंबरी.

काय म्हणालात? अभिनंदन? राहू दे हो ते, तुम्ही आपलं कपाट उचला. पडदे राहू देत आत. चौकटीला जपून. हे रस्त्यात भेटले आणि घरी कोण होतं असं विचारलंच – विचारणार नाहीत, पण विचारलंच – तर सांगा, कोणी नव्हतं.