खांद्यावरचा हात

आदरणीय अध्यक्ष हौसराव आप्पा, मंचावरचे प्राचार्य सर, आजचे सत्कारमूर्ती दत्तात्रय गव्हाणे, म्हणजे आपले दत्तादादा, त्यांच्याबरोबर खेळलेले सगळे जुने गडी, आणि पंख्याखालची जागा धरायला लवकर येऊन बसलेल्या माझ्या माताभगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मी तेजश्री, निमोण्याची. दत्तादादांच्या संघात गोकुळ नावाचा एक खेळाडू होता, त्याची धाकटी बहीण. मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोनात काही भागणार नाही, आप्पा, आधीच माफी मागून ठेवते.

दत्तादादांचा खेळ किती मोठा, हे आत्ताच्या वक्त्यांनी सांगितलं. कोरेगाव भीमाचा हा मुलगा आपल्या कॉलेजकडून बास्केटबॉल खेळला, मग विद्यापीठाकडून, मग राज्याकडून. मला त्या खेळातलं फारसं कळत नाही. मी तुम्हाला मागे लावलेल्या फ्लेक्सबद्दल सांगणार आहे.

जरा माझ्या मागे बघा सगळ्यांनी. हाच फ्लेक्स एसटी स्टँडसमोरही लागलाय. दत्तादादांचा तरुणपणीचा फोटो, गळ्यात पदक. आणि डाव्या खांद्यावर एक हात आहे, दिसला? हाताचा मालक फोटोत नाही. आल्यापासून निम्मा हॉल कुजबुजतोय, हा हात कुणाचा म्हणून. आपल्याकडे फ्लेक्सवर टकलाला केस येतात, गळ्यात साखळ्या येतात, मग एक हात पुसायला काय लागतं? फ्लेक्सवाले सतीशभाऊ तेच म्हणाले होते, "दादा, शेजारचा माणूस कापला, पण हात राहिलाय. उडवून टाकू का?" दत्तादादा म्हणाले, "राहू दे."

तो हात माझ्या भावाचा आहे. दौंडला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकल्यावर काढलेला फोटो आहे हा. त्यानंतर सगळी टीम कप घेऊन टेम्पोत बसली आणि गोकुळ मोटारसायकलवर पुढे निघाला, आईला आधी सांगायचं म्हणून. न्हावऱ्याच्या अलीकडे उसाची ट्रॉली वळत होती. त्याला बावीस वर्षं झाली.

निमोण्याला निरोप घेऊन दत्तादादा आले. अंगात खेळाचा ड्रेस तसाच, हातात कप, कारण तो कुठं ठेवायचा हे त्या पोराला सुचलंच नव्हतं. आईला अजून काही माहीत नव्हतं. ती दारात आली, त्यांच्यामागे रस्त्याकडे बघितलं आणि हसून म्हणाली, "एकलाच आलास व्हय रं?"

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. राग म्हणाल तर राग नव्हता. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "त्याला बघितलं की माजी नजर त्याच्या मागं जाती." दत्तादादा दर भाऊबीजेला येतात. मी ओवाळते, आई चहा ठेवते आणि परसात निघून जाते. ते चहा पिऊन परसाच्या दाराकडे बघत बसतात. एवढी मैदानं मारलेला माणूस, पण ते एक वाक्य त्यांना अजून झोपू देत नाही. वहिनी इथे बसल्यात, त्यांना विचारा.

गेल्या आठवड्यात आई बाजाराला इथे शिरूरला आली होती. घरी आली ती पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "गोकुळ शिरूरला हाय. स्टँडवर."

 म्हटलं, आई, असं काय बोलतेस?

"म्या करंगळी वळखली," ती म्हणाली.

बघा, करंगळी वाकडी आहे. बॉल लागून मोडली होती. आईनेच तुरीची काटकी लावून, लुगड्याची चिंधी बांधून बसवली, ती तशीच वाकडी बसली. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा एसटीनं शिरूरला गेली, तिसऱ्या दिवशीही. मी मागोमाग गेले. गर्दीत एकटीच मान वर करून उभी होती. मला म्हणाली, "वारं आलं का बोटं हालत्यात बग." खरंच हलत होती. मला तिथं थांबवेना. म्हटलं, घरी फोटो आहे की त्याचा. तर म्हणाली, "त्यात नुसतं तोंड हाय."

कार्यक्रम झाला की फ्लेक्स उतरतात आणि कुणाच्या तरी कांद्याच्या ढिगावर झाकायला जातात, हे तिलाही माहीत आहे. म्हणाली, "तेवडा हात कापून आण मला." म्हणून आज मी पर्समध्ये कात्री घेऊन आले. हसू नका, खरंच आणलीय.

आणि आत्ता, मी बोलायला उठत होते आणि तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होता तेव्हा, माझी आई साखरबाई, ती तिसऱ्या रांगेत बसलीय, तिनं माझा पदर ओढला. फ्लेक्सकडे बघितलं, मग खाली खुर्चीत बसलेल्या दत्तादादांकडे बघितलं. त्यांच्या मागं नाही, त्यांच्याकडे. आणि म्हणाली, "कापू नगं गं. हात काडला तर दत्ता एकला पडंल."

दत्तादादा, ऐकलंत ना?

अध्यक्षांची परवानगी असेल तर शाल आई घालेल. आयोजकांनी आम्हाला आठवणीनं बोलावलं, त्यांचे आभार. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल तर घरचं माणूस समजून पोटात घाला. आणि सतीशभाऊ, हा फ्लेक्स आम्ही अख्खाच नेणार आहोत. उतरवताना जरा जपून. खांद्यापाशी घडी पडू देऊ नका.