खांबेट्यांचं ताट

नाही काकू, ते निघणार नाही — म्हणजे स्क्रूबिरू काही नाहीत, उचललं तर सहज उचललं जाईल, पण मी काढणार नाही असं म्हणतेय मी. बसा ना. त्या बाकावर बसा, तो प्रदर्शनातला नाहीये, बसायचाच आहे. फक्त मिठावर पाय देऊ नका, सकाळपासून कंबर मोडून पसरलंय आम्ही — समुद्र आहे तो. हो, हे सगळं मिळून एकच काम, हे लांबलचक टेबल, खालचं मीठ, वरचे दिवे, इतकी सगळी ताटं. मिरेया सोतोलोंगो — क्यूबाची आहे, बाहेर पोस्टरवर नाव वाचलंत ना, तिचं एकटीचं प्रदर्शन आहे हे. हवानाहून आली तेव्हा ती इथेच, न्यूजर्सीत, मावशीकडे राहायची. घरचे सगळे जेवून उठले की हिला वाढायचे, तेही स्वयंपाकघरात, उभ्याने. म्हणून या टेबलाला खुर्च्याच नाहीत. होडीच्या फळ्यांचं बनवलंय. आणि तिने इथल्या लोकांना सांगितलं, दुसऱ्याच्या घरी ज्या ताटात जेवलात ते ताट आणून द्या मला. लोकांनी दिली. मीही दिलं. मी इथे गॅलरीत कॅम्पस जॉब करते ना — भिंती रंगव, दिवे लाव — मला कळल्या कळल्या त्याच दिवशी दिलं.

सीमाने सांगितलं ना तुम्हाला? वाटलंच. आपल्या मराठी मंडळाचे समोसे ठेवायला आली होती दुपारी, ट्रे हातात तसाच, आणि ताटाच्या कडेवरचं वाचत उभी राहिली. मग एकदम घाई झाली तिला. घरी जाऊन पहिला फोन तुम्हालाच केला असणार. बरंच झालं. वाचता येतंय म्हणजे दिवा बरोबर लागलाय. ‘चि. विवेक खांबेटे, मुंज, ठाणे, १९८६’ — अगदी दुकानातल्या मशीनने ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं. इथल्या अमेरिकन लोकांना काय, नक्षी वाटते ती. पण आज उद्घाटनाला अख्खं मंडळ येतंय, खाणं त्यांच्याकडूनच आहे, आणि काका अध्यक्ष, ते बोलणार आहेत दोन शब्द. ते नेमके इथेच उभे राहणार बोलायला, माइक इथेच आहे. तो मीच लावलाय इथे — खोटं कशाला बोलू.

पिशवीत काय आणलंय? बघू. अय्या, नवीन ताट! स्टिकरसुद्धा निघालेला नाही अजून. म्हणजे हे ठेव आणि ते दे, असं? आणि यावर नाव नाही कुणाचं. तेव्हा नाही सुचलं हे तुम्हाला. सुचणार कसं — घरात भांडं आलं की आधी नाव कोरायचं, बारसं असो, मुंज असो, लग्न असो, पाहुण्यांना वाटायला ढीगभर आणायची आणि त्यातली उरलेली थेट अमेरिकेपर्यंत आणायची. माझ्यासाठी वेगळं काढताना तुम्ही त्यातलंच, चेपलेलं, अडगळीतलं ताट काढलंत आणि आपलंच नाव माझ्या जेवणाखाली ठेवलंत. मिरेयाला मी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सगळं सांगितलं. तिचंही इंग्लिश माझ्यासारखंच. ती म्हणाली, हे नाव तुझं का? मी म्हटलं, नाही, ज्यांनी वेगळं वाढलं त्यांचं. तर ती हसली. म्हणाली, “मी माझ्या कामावर सही करत नाही. यांनी केली.”

सासूबाईंसाठी? हं. मला ठाऊकच होतं, तुम्ही आजींवर ढकलणार. ठाण्याहून आजी आल्या होत्या, जुन्या वळणाच्या, त्यांचं मन मोडवेना. मान्य. पण आजी मे महिन्यात परत गेल्या ना? मी ऑगस्टपर्यंत तुमच्याकडे पेइंग गेस्ट होते. तोपर्यंत ते ताट लाँड्रीरूममध्ये वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवरच होतं, डिटर्जंटच्या डब्याशेजारी. आणि एप्रिलच्या आधी? आधी तर मी तुमच्या चिनी मातीच्या प्लेटमध्ये जेवत होते, तुमच्या विवेकच्या शेजारी बसून, त्याच्या पानातला पापड उचलून. जयंतीला मी माझ्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो मांडला, मेणबत्ती लावली, तुम्ही दारातून बघितलंत, किती छान मांडलंयस गं, मैत्री, म्हणालात — म्हणालात ना? दुसऱ्या दिवशी ते ताट आलं.

आणि आलं कसं! ‘अगं, तू काही परकी नाहीस आता. लेकीचं असतं तसं हे तुझं स्वतःचं ताट.’ असं म्हणालात. हसून, खांद्यावर हात ठेवून. मी वेडी — मी हरखून गेले काकू. खरंच. चेपलेलं होतं तरी. मी नागपूरला आईला फोन लावला, त्या महागड्या कॉलिंग कार्डावरून, नुसतं हे सांगायला, की आई, काकूंनी मला माझं ताट दिलं. तिने विचारलं, “धुतं कोण ते?” मी म्हटलं, मीच, बाकीची डिशवॉशरमध्ये जातात, हे खराब होतं म्हणून काकू हाताने धू म्हणतात. “स्टीलचं ताट, बाई?” बस, एवढंच बोलली. पुढे जेवण झालं का, थंडी आहे का, असलंच काहीतरी. फोन ठेवला आणि मी त्या मशीनसमोर जमिनीवर बसले. आत कपडे फिरत होते. मी रडलेबिडले नाही — रडले. कशाला लपवू. चिडून नाही, लाज वाटून. की आई-आजीने जन्मभर जे बघितलं ते मी पीएचडीला येऊन ओळखलं नाही, उलट हौसेने फोन करून सांगितलं तिला.

आणि तरी मी चार महिने जेवले त्यात. सोडून जाता येत नव्हतं का? येत होतं. पण तुमची ती चिंच-गुळाची आमटी — अजून करते मी तशीच, जमत नाही — आणि तुम्ही परीक्षेच्या वेळी कॉफी आणून ठेवायचात टेबलावर... तीही कागदी कपात असायची, हे आत्ता लक्षात येतंय बघा. जाऊ दे. मला वाटायचं एक दिवस तुम्ही आपणहून ते ताट इतरांत मिसळाल. नाही मिसळलंत. म्हणून जाताना बॅगेत घातलं. चोरलं म्हणा हवं तर. तुम्ही कधी विचारलंही नाहीत कुठे गेलं ते.

अहो, उचलू नका! ठेवा. बघा, धरलंत की दोन्ही हातांनी. मी त्यात जेवायला लागल्यापासून कधी नाही धरलंत ते. ठेवा खाली — असं नाही, नाव वर.

विवेकचं नाव आहे, त्याची काय चूक — हे म्हणा, हे बरोबर आहे. तो चांगला आहे. लोक बघतील त्याच्याकडे, कुजबुजतील, मंडळात त्याला खाली बघावं लागेल. मला वाईट वाटेल. पण थांबणार नाही मी. माझ्याही आईला खाली बघावं लागलंच की, आणि तिची तरी काय चूक होती.

बरं, असं करू. माझी आई आलीय नागपूरहून, कॉन्व्होकेशनसाठी. आत ऑफिसात बसलीय. सकाळी तिने हे ताट बघितलं, पदराने पुसलं आणि परत ठेवलं. तुम्ही तिच्यासमोर बसा आणि तिला एवढंच सांगा, तिच्या मुलीचं ताट वेगळं का ठेवलं होतंत. आजींचं नाव न घेता, खरं कारण. तिने नुसती मान डोलावली तरी मी स्वतः ते काढून तुमच्या पिशवीत घालते, काका यायच्या आत. कुणाला काही कळणार नाही, सीमालाही गप्प करते. शब्द देते. चला, दार वाजवते मी. आई, या काकू —

काकू? अहो काकू, तिकडे कुठे? पिशवी राहिली तुमची. बरं, राहू दे. दार तेवढं ओढून घ्या, ए.सी. चालू आहे.