कोरडी मांडणी

नवरा: दोन वर्षांवर बोट ठेव आणि मोकळी हो. घराचं कर्ज घेतलं तेव्हाही दोनच वर्षांचा स्थिर व्याजदर घेतला होता. काय बिघडलं?

बायको: बिघडलं काही नाही. पण ती दोन वर्षं आता संपली. बारा वाजेपर्यंत नवा अर्ज गेला नाही तर पहिल्या तारखेपासून बँक आपल्याला बदलत्या दरावर टाकेल, आणि तू मघापासून चहाच ढवळतोयस. नीट सांग ना. दोनच का?

नवरा: दर कमी आहे. हप्ता कमी येतो.

बायको: कितीने? दोघांनी महिन्यातून एकदा बाहेर जेवावं एवढ्याने. आणि आपण कधी जातो बाहेर जेवायला?

नवरा: तेच म्हणतोय, साठतील तेवढे. शिवाय दोन वर्षांत दर उतरणार आहेत. सगळे म्हणतात.

बायको: सगळे म्हणजे कोण?

नवरा: मागच्या आठवड्यात ज्याच्या बाथरूमची फरशी केली, तो. बँकेत आहे.

बायको: बँकेच्या आवारात गाड्या लावून देतो तो. तूच सांगितलं होतंस.

नवरा: मग? दिवसभर साहेबांचं बोलणं कानावर पडतं त्याच्या.

बायको: आणि दर चढले तर? दहा वर्षांचा घेतला की हप्ता दहा वर्षं तोच. डोक्याला ताप नाही.

नवरा: आणि मध्येच घर विकलं तर दंड किती, ते वाचलंस का? खाली बारीक अक्षरात आहे.

बायको: वाचलं. विकायचंय कुणाला?

नवरा: विकायचंय असं नाही. समजा.

बायको: समजा काय?

आई: अगं बाई! गेले असते आज. सिंकजवळची ती फरशी परत उचलली पायाखाली. अर्धा तांब्या पाणी सांडलं.

नवरा: आई, तुला किती वेळा सांगितलं, तिच्या मधोमध पाय ठेवायचा. कडेला नाही.

आई: या वयात मी मोजून पावलं टाकू? गावभर लोकांच्या घरी फरशा बसवतोस आणि आपल्या घरात पत्त्यांसारख्या नुसत्या मांडून ठेवल्यास. दोन वर्षं झाली!

नवरा: आधी मांडूनच बघतात. कोरड्या मांडायच्या, तुकडे कुठे येतात ते बघायचं, मग उचलून खाली सिमेंटचा माल घालायचा. कामाची पद्धतच आहे तशी.

बायको: लोकांकडे ती पद्धत एका दुपारची असते.

नवरा: वेळ नाही मिळाला.

बायको: मागच्या महिन्यात पंधरा दिवस घरी होतास. काम नाही म्हणालास. ठेकेदार परवा मला दुकानात भेटला. काम होतं, तूच नको म्हणालास.

नवरा: त्या माणसाच्या पोटात काही राहत नाही.

बायको: मी नर्स आहे रे. बारा वर्षं हाडांच्या वॉर्डात काढलीत. खुर्चीतून उठताना माणूस टेबलाला कुठे हात लावतो, ते मला लांबून कळतं. कपाटात तुझ्या मोज्यांच्या मागे गुडघ्याचा पट्टा लपवलेला आहे. तोसुद्धा उलटा घालतोस.

नवरा: उलटा?

बायको: भोक पुढे हवं. गुडघ्याच्या वाटीवर.

आई: कसला पट्टा? काय झालंय याला?

बायको: उजवा गुडघा, आई. वर्षभर तरी लपवतोय.

नवरा: लपवलं नाही... बरं, लपवलं. काय सांगणार होतो? गुडघे गेले की फरशीवाला संपला. दहा वर्षांचं घ्यायचं म्हणजे दहा वर्षं गुडघ्यावर बसेन असं लिहून द्यायचं. दोनचं मी देऊ शकतो. पुढे नाही जमलं तर दंड न भरता विकू, लहानशी जागा बघू. फरशाही उचलून नेता येतील. महागाच्या आहेत त्या.

बायको: म्हणजे मी दोन वर्षं या घरात राहतेय आणि तू मनातल्या मनात सामान बांधून बसलायस. मला न विचारता!

नवरा: तुला काळजी नको म्हणून.

बायको: मला राग आलाय. आत्ताच सांगून ठेवते, संध्याकाळपर्यंत जाणार नाही.

नवरा: बरं.

बायको: हा कागद बघ. इकडे माझा पगार, वॉर्डची इन्चार्ज झाल्यापासूनचा. इकडे दहा वर्षांचा हप्ता.

नवरा: ...बसतोय की.

बायको: माझ्या एकटीच्या पगारात बसतो. ओढाताण होईल, पण बसतो. तुझा गुडघा उद्या गेला तरी बसतो. दोन वर्षांनी काय दर असेल, ते तुलाही माहीत नाही आणि त्या गाड्या लावणाऱ्यालाही. गुडघ्याची भीती आहे ना? मग तूच दहा मागायला हवेस.

नवरा: आणि मी बसून खायचं.

बायको: कोण म्हणालं? ठेकेदाराचं पुढचं ऐक. म्हणाला, त्याला म्हणावं चार माणसं हाताखाली घे. मापं तू काढ, रेघ तू मार, वाकू देत त्यांना.

नवरा: मलाही दोनदा म्हणाला. मला वाटलं, दया करतोय.

आई: तुझा हात चांगला आहे, गुडघा वाईट आहे. गुडघ्याची शिक्षा हाताला कशाला? आणि आता मला घर बदलायला लावू नकोस, बाबा. कुठल्या खिडकीत कधी ऊन येतं, ते आत्ता कुठे पाठ झालंय माझं.

नवरा: ...दे इकडे तो फोन. कुठे दाबायचं?

बायको: दहावर. मग खाली ‘पाठवा’वर. आधी चष्मा घाल.

नवरा: दहा. हं... गेला अर्ज. वीस मिनिटं बाकी होती.

आई: म्हणजे आता विकत नाहीस ना?

नवरा: नाही गं.

आई: मग ती सिंकजवळची फरशी?

(तासाभराने. फरशा भिंतीशी रचलेल्या. नवरा स्टुलावर, शेजारी कालवलेल्या मालाचं घमेलं. बायको जमिनीवर, गुडघ्यांखाली उशी. आई दारात.)

बायको: भिंतीपासून सुरू करू?

नवरा: छे, मधून. रेघ मारलीय बघ, तिथून. तुकडे कडेला जातात, कपाटाखाली.

आई: आणि मी पाणी कुठून घ्यायचं?

नवरा: तुझ्या खोलीत बाटल्या भरून ठेवल्यात. उद्यापर्यंत इथे पाय टाकायचा नाही.

आई: दोन वर्षं कसरत केली, एका दिवसाचं काय एवढं!

बायको: राग अजून आहे हं मला.

नवरा: माहितीये. संध्याकाळपर्यंत. थापी आडवी धर. हं, माल सारखा पसरव. आता ठेव तिला, कोपरा रेघेला लागू दे.

बायको: ठेवली. वाकडी दिसतेय. उचलू?

नवरा: नको, नको. रबरी हातोड्याने हलकेच ठोक. लेव्हल ठेव वर. बुडबुडा येतोय बघ मध्ये.

बायको: अजून दाबू?

नवरा: दाब, बिनधास्त दाब. आता ती परत उचलायची नाहीये.